ग्राउल परत आला, तरी भांडण मिटलं नाही : ओपेथच्या नव्या अल्बमवरून फॅन्स दोन गटांत का?

१ ऑगस्ट २०२४. स्वीडनच्या ओपेथ या बँडने नव्या अल्बममधलं पहिलं गाणं रिलीज केलं. गाण्याला धड नावही नव्हतं. कायद्याच्या कागदांत कलमाच्या आधी '§' असं एक चिन्ह असतं, ते चिन्ह आणि पुढे १ हा आकडा, बस्स. याचा उच्चार 'पॅरेग्राफ वन' असा करायचा, हे कळायलाच अनेकांना वेळ लागला.

पण त्या दिवशी नावाचं कुणाला पडलेलं नव्हतं. गाणं सुरू होऊन थोडा वेळ जातो आणि बँडचा गायक मिकाएल ओकरफेल्ट पोटातून एक घोगरी, राक्षसी डरकाळी फोडतो. मेटलच्या भाषेत याला 'ग्राउल' म्हणतात. जगभरचे फॅन्स त्या एका आवाजावर तुटून पडले. 'तो परत आला', 'सोळा वर्षं वाट पाहिली', डोळ्यांत पाणी आणणाऱ्या इमोजी, जुन्या फोटोंची मीम्स, असं सगळं एका संध्याकाळीत झालं. कारण ओपेथच्या स्टुडिओ अल्बममध्ये हा आवाज शेवटचा ऐकू आला होता २००८ मध्ये.

२२ नोव्हेंबर २०२४ ला 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' हा पूर्ण अल्बम आला. हा बँडचा चौदावा अल्बम. फॅन्सनी मागितलेली गोष्ट मिळाली होती, म्हणजे विषय संपायला हवा होता. झालं उलटं. भांडण नव्याने सुरू झालं, आणि ते नीट पाहिलं तर अल्बम चांगला की वाईट हा त्यातला मुद्दाच नव्हता.

आधी हे ग्राउल प्रकरण काय आहे?

मेटल न ऐकणाऱ्या माणसाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : 'हा ओरडतोय का?' घरी स्पीकरवर लावलं तर आई आधी दार बंद करायला सांगते. पण ग्राउल म्हणजे नुसतं ओरडणं नाही. आपण बोलतो किंवा गातो तेव्हा घशातल्या स्वरतंतूंच्या कंपनातून आवाज तयार होतो. या स्वरतंतूंच्या थोडं वर आणखी दोन घड्या असतात. एरवी बोलताना त्या शांत असतात. ग्राउल करणारा गायक श्वासावर ताबा ठेवून त्या घड्यांना कामाला लावतो, म्हणून आवाजाला ती खरखर आणि तो खोलपणा येतो. तिबेटी बौद्ध भिक्षूंच्या खर्जातल्या मंत्रपठणात याच घड्या वापरल्या जातात. दोन्ही गोष्टींचा हेतू वेगळा, यंत्रणा बरीचशी सारखी.

चुकीच्या पद्धतीने केलं तर घसा बसतो, कायमची इजाही होऊ शकते. त्यामुळे हे शिकवणारे व्हॉइस कोच असतात. न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस यांनी 'द झेन ऑफ स्क्रीमिंग' नावाची डीव्हीडी काढली होती, ती मेटल गायकांत प्रसिद्ध आहे. थोडक्यात, हा रियाजाचा विषय आहे. आणि ओकरफेल्टचा जन्म १९७४ चा. म्हणजे नवा अल्बम आला तेव्हा तो पन्नाशीचा होता. या वयात, इतक्या वर्षांनी, स्टुडिओत उभं राहून हा आवाज काढायचा आणि तो आधीपेक्षा कमी पडला तर लोक काय म्हणतील हे माहीत असताना काढायचा, ही साधी गोष्ट नव्हती.

पण एवढं रडण्यासारखं काय होतं?

मेटलमध्ये ग्राउल करणारे बँड शेकड्याने आहेत. ओपेथचं वेगळेपण असं की, तोच माणूस ग्राउल करायचा आणि पुढच्या मिनिटाला अगदी मऊ, उदास आवाजात गायचा. एकाच गाण्यात वादळ, मग अकूस्टिक गिटार, मग जॅझच्या वळणाचं काहीतरी, मग पुन्हा वादळ. गाणी दहा-बारा मिनिटांची. हा प्रोग्रेसिव्ह मेटल नावाच्या शाखेचा खाक्या : मेटलचा जोर, आणि त्यासोबत लांब रचना, बदलत्या चाली, विषम मात्रांचे ताल. पाश्चात्य श्रोत्याला सात मात्रांचा ताल म्हणजे कोडं वाटतं. ज्यांच्या कानावर रूपक आणि झपताल लहानपणापासून पडलेत, त्यांना खरं तर हे सोपं जायला हवं. असो.

स्टॉकहोममध्ये १९९० च्या आसपास सुरू झालेल्या या बँडचा पहिला अल्बम 'ऑर्किड' १९९५ मध्ये आला. २००१ च्या 'ब्लॅकवॉटर पार्क'ने त्यांना जगभर पोहोचवलं. त्याचा निर्माता होता पॉर्क्युपाइन ट्री या ब्रिटिश बँडचा स्टीव्हन विल्सन. २००५ चा 'घोस्ट रेव्हरीज', २००८ चा 'वॉटरशेड'. इथपर्यंतचा काळ म्हणजे फॅन्सच्या भाषेत 'जुना ओपेथ'.

मग २०११ मध्ये 'हेरिटेज' आला. त्यात एकही ग्राउल नव्हता. डेथ मेटल जवळजवळ गायब, त्याच्या जागी सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा, जुन्या ऑर्गनचा आणि जॅझचा वास. ओकरफेल्ट हा जुन्या रेकॉर्ड्स गोळा करणारा अट्टल माणूस, त्यामुळे हे अचानक आभाळातून पडलं नव्हतं. त्याने आधी 'वॉटरशेड'च्या वळणाची काही गाणी लिहून पाहिली होती. ती बँडचा बेसिस्ट मार्तिन मेंडेझला ऐकवली, तेव्हा याच वाटेने गेलो तर माझी निराशा होईल असं मेंडेझने स्पष्ट सांगितलं. ती गाणी बाजूला पडली आणि 'हेरिटेज' झाला. म्हणजे फॅन्स ज्याला दगाबाजी म्हणत होते, तो निर्णय बँडच्या आतून, कंटाळ्यातून आला होता.

त्या अल्बमचं कव्हर आज पाहिलं की वेगळंच वाटतं. एक झाड आहे, फळांच्या जागी बँडमधल्या मेंबर्सची डोकी लागलेली आहेत आणि एक डोकं खाली पडतंय. ते बँड सोडून गेलेल्या की-बोर्डवादक पेर विबर्गचं. झाडाची मुळं खाली अंधारात जातात, म्हणजे बँडच्या डेथ मेटलच्या भूतकाळात. हे सगळं फॅन्सना समोर दिसत होतं, तरी त्यांनी ते मनावर घेतलं नाही. 'हेरिटेज'च्या टूरच्या सुरुवातीला तर स्टेजवरच्या यादीतही ग्राउलची गाणी नव्हती, आणि प्रेक्षकांतून ओरडून ओरडून ती मागितली जात होती. पुढे जुनी गाणी ग्राउलसकट स्टेजवर परत आली. नव्या अल्बममध्ये मात्र नाही. 'पेल कम्युनियन' (२०१४), 'सॉर्सरेस' (२०१६) आणि 'इन काउडा वेनेनम' (२०१९) हे तिन्ही अल्बम स्वच्छ आवाजातले.

इथे एक गोष्ट सहसा विसरली जाते. ग्राउल नसलेला ओपेथचा पहिला अल्बम 'हेरिटेज' नव्हताच. २००३ मध्ये 'डॅमनेशन' आला होता, अख्खा शांत, एकही डरकाळी नाही. त्यावर कुणी दंगा केला नाही. उलट तो आजही अनेकांचा सगळ्यात लाडका अल्बम आहे. फरक काय? 'डॅमनेशन'च्या पाचेक महिने आधी 'डिलिव्हरन्स' हा जबरदस्त जड अल्बम आला होता. दोन्ही जोडीनेच बनवले होते. म्हणजे शांत गाण्यांवर फॅन्सचा आक्षेप नव्हता. जड गाणी पुन्हा मिळतील ही खात्री होती तोवर शांत गाणी गोड लागत होती. खात्री गेली आणि तोच आवाज खटकायला लागला.

मग नवा अल्बम आहे तरी कसा?

गोष्ट आहे पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातली. एक श्रीमंत, कर्मठ बाप मेलाय. त्याच्या हवेलीत मृत्युपत्र वाचलं जातंय. समोर त्याची जुळी मुलं बसली आहेत. आणि सोबत एक मुलगीही आहे, पोलिओ झालेली, अनाथ म्हणून घरात वाढलेली. ही इथे का, हा जुळ्यांचा प्रश्न. मराठी घरांत हा सीन नवा नाही. तेराव्याला सातबारा कुणी बाहेर काढला की चेहरे कसे बदलतात हे माहीत असलेल्याला ही गोष्ट लगेच कळेल.

आठ गाण्यांपैकी सात गाण्यांना नाव नाही, मृत्युपत्रातल्या कलमांसारखे फक्त क्रमांक आहेत. एकेक कलम वाचलं जातं तसं घराचं एकेक गुपित उघडं पडतं. मेलेला बाप कागदातून बोलतो. ग्राउल येतो तो प्रामुख्याने इथे. ओकरफेल्टने वेगवेगळ्या मुलाखतींत मांडलेलं कारणही याच्याशीच जुळतं : फॅन्सनी मागितलं म्हणून नाही, गोष्टीतल्या या माणसाला तो आवाज शोभत होता म्हणून. आयुष्यभर घरावर हुकूमत गाजवलेला आणि मेल्यावरही तिचा शेवटचा डाव खेळणारा बाप मऊ आवाजात बोलला असता तर ते पटलं नसतं.

दुसरीकडे जेथ्रो टल या जुन्या ब्रिटिश बँडचे इयन अँडरसन मजकूर वाचल्यासारखे थंडपणे बोलतात आणि फ्लूटही वाजवतात. 'युरोप' या बँडचा जोई टेम्पेस्ट एका गाण्यात आवाज देतो. 'द फायनल काउंटडाउन'चा गायक म्हटलं की अनेकांना लगेच आठवेल. ओकरफेल्टची मुलगी मिर्यमचा आवाजही यात आहे. ड्रम्सवर २०२२ मध्ये आलेला फिनलंडचा वाल्टेरी व्हायरुनेन, त्याचा ओपेथसोबतचा हा पहिलाच अल्बम. आणि त्याच्या वाजवण्याबद्दल मात्र दोन्ही गटांत फारसे मतभेद नाहीत, तो भारी आहे.

पण अल्बमची लांबी साधारण पन्नास मिनिटं. एकही गाणं दहा मिनिटांपर्यंत जात नाही. चाली भराभर बदलतात, तंतुवाद्यांचे थर आहेत, एखादी धून मनात बसायच्या आत पुढची सुरू होते. म्हणजे आवाज जुना, सांगाडा नवा. 'इन काउडा वेनेनम'मध्ये जी नाट्यमय, गुंतागुंतीची वाट बँडने धरली होती, तीच पुढे गेली आहे, फक्त तिच्यावर ग्राउल आहे.

भांडण नेमकं कुणाचं आहे?

पहिला गट सोपा आहे. ग्राउल आला, हेच पुरे. त्यांच्यासाठी ऑगस्टमध्ये आलेलं ते पहिलं गाणंच निकाल होता, नोव्हेंबरमध्ये फक्त शिक्का बसला. यातल्या अनेकांनी २०११ नंतरचे अल्बम नीट ऐकलेच नव्हते, आणि ते हे अभिमानाने सांगतात.

दुसरा गट याच वाक्याने चिडतो. 'तो परत आला' म्हणजे काय? तो गेला कुठे होता? २०११ ते २०१९ या काळात बँडने चार अल्बम काढले, जगभर टूर केल्या. त्या काळात ओपेथकडे आलेले श्रोते बरेच आहेत. काही जण पिंक फ्लॉइड, जेथ्रो टल, कॅमल ऐकणारे, ज्यांनी ग्राउलमुळे आधी ओपेथला हातही लावला नव्हता. काही त्या काळात कॉलेजात असलेली पोरं, ज्यांची ओपेथशी ओळखच 'पेल कम्युनियन'पासून झाली. 'परत आला' म्हटलं की त्यांच्या आवडत्या चार अल्बमवर एका शब्दात फुली पडते. जणू मधली वर्षं माणूस आजारी होता आणि आता बरा झाला.

त्यांचा राग रास्त आहे. 'इन काउडा वेनेनम' हा ओकरफेल्टने आधी स्वीडिश भाषेत लिहिला आणि गायला, मग लोकांना कळेल की नाही या विचाराने इंग्रजी आवृत्तीही केली. दोन्ही एकत्र आल्या. अनेक फॅन्स, ज्यांना स्वीडिशचा एक शब्द येत नाही, ते आजही शपथेवर सांगतात की स्वीडिशच ऐका. आपल्या भाषेत गाताना माणसाचा आवाज मोकळा होतो म्हणून असेल. एवढ्या मेहनतीच्या कामाला 'ग्राउल नसलेला काळ' एवढंच नाव मिळावं, हे कुणालाही खुपेल.

तिसरा गट जरा गमतीचा आहे. हे मूळचे पहिल्या गटातलेच. ग्राउल ऐकून नाचले, पूर्ण अल्बम ऐकला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणायला लागले की हे काही 'ब्लॅकवॉटर पार्क' नाही. लांब गाणी कुठे आहेत? तो उदास मोकळेपणा कुठे आहे? अकूस्टिकवरून वादळावर जायला मिळणारी ती सवड कुठे आहे? म्हणजे इतकी वर्षं ग्राउल मागताना त्यांना खरं तर ग्राउल नको होता, त्यांना २००१ साल हवं होतं. आपण एकोणीस-वीस वर्षांचे असताना होस्टेलच्या खोलीत हेडफोन लावून पहिल्यांदा जे ऐकलं, ते. ते कुठलाच बँड परत देऊ शकत नाही.

या गटाची तक्रार संगीताच्या बाजूने पूर्ण खोटीही नाही. नवा अल्बम दाट आहे. पहिल्या ऐकण्यात तो अंगावर येतो आणि निसटतो. कथा कळायला शब्द समोर ठेवून ऐकावं लागतं. गाण्यांना नावं नसल्यामुळे मित्राला 'ते अमुक गाणं ऐक' असं सांगताही येत नाही, 'पाच नंबरचं' म्हणावं लागतं. हे मुद्दाम केलेलं आहे, पण त्याची किंमत आहे.

आणि सोशल मीडियाचा वेग हा वेगळाच घोळ. असा अल्बम मुरायला आठवडे लागतात. पण यूट्यूबवर 'पहिल्यांदा ऐकताना' प्रकारचे रिअ‍ॅक्शन व्हिडिओ गाणं आलं त्याच दिवशी येतात. त्यात कॅमेऱ्यासमोर दाखवण्याजोगी एकच जागा असते, ग्राउल सुरू होतो तो क्षण. डोळे मोठे, खुर्चीतून उडी, थंबनेल तयार. गाण्यातलं बाकी सगळं त्या एका फ्रेमच्या मागे जातं. पूर्ण अल्बम यायच्या आधी साडेतीन महिने चर्चा फक्त या एका क्षणावर चालली. मधे अल्बमची तारीख ११ ऑक्टोबरवरून २२ नोव्हेंबरला ढकलली गेली, त्यामुळे आणखी सहा आठवडे. एवढ्या वेळात फॅन्सनी मनातल्या मनात आपापला अल्बम तयार करून ठेवला होता. खऱ्या अल्बमला आधी त्याच्याशी स्पर्धा करावी लागली.

हे फक्त ओपेथचं नाही

अमेरिकेच्या ड्रीम थिएटरचंच घ्या. ड्रमर माइक पोर्टनॉय २०१० मध्ये बँडमधून बाहेर पडला. त्याच्या जागी माइक मँगिनी आला. मँगिनीच्या काळात पाच अल्बम झाले, आणि बँडला पहिला ग्रॅमी मिळाला तोही त्याच काळातल्या 'द एलियन' या गाण्यासाठी, २०२२ मध्ये. ऑक्टोबर २०२३ मध्ये पोर्टनॉय परतल्याची घोषणा झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्यासोबतचा 'पॅरासोम्निया' आला. पुन्हा तेच : 'खरा ड्रीम थिएटर परत आला'. मग मँगिनीची तेरा वर्षं काय होती, हा प्रश्न विचारणारे पुन्हा वेगळे.

टूलची गोष्ट याहून टोकाची. २००६ नंतर त्यांचा पुढचा अल्बम 'फिअर इनॉक्युलम' आला ३० ऑगस्ट २०१९ ला, म्हणजे तेरा वर्षांनी. त्या महिन्याच्या सुरुवातीपर्यंत त्यांची गाणी स्ट्रीमिंगवरही नव्हती. अल्बमने बिलबोर्डच्या यादीत टेलर स्विफ्टच्या 'लव्हर'ला पहिल्या नंबरवरून खाली ढकललं आणि ट्विटरवर स्विफ्टीज विरुद्ध टूलवाले अशी लढाई जुंपली. स्विफ्टच्या फॅन्सचा प्रश्न होता, हे कोण म्हातारे? टूलवाल्यांनी त्या प्रश्नावर यथेच्छ मजा केली. पण ते बाहेरच्यांशी भांडण होतं. बँडच्या आत, फॅन्सचं फॅन्सशी जे भांडण असतं ते जास्त कडवट असतं, कारण दोघांचाही दावा एकाच घरावर असतो.

या बँडच्या श्रोत्यांत हे जास्त का दिसतं? कारण हे संगीत कष्टाने आवडून घ्यावं लागतं. पंधरा मिनिटांचं गाणं, विषम ताल, दहा वेळा ऐकल्यावर उलगडणारी रचना. त्यात वेळ घातलेल्या माणसाला आपण बँडचे भागीदार आहोत असं वाटायला लागतं. पॉपचं गाणं आवडलं नाही तर माणूस पुढचं लावतो. इथे तो तीन परिच्छेदांची कमेंट लिहितो. आपल्याकडे संगीत नाटकात 'वन्स मोअर' मिळाला की तेच पद पुन्हा गायचं, अशी रीत होती आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालायचे. प्रेक्षक हक्काने मागायचे, नट हौसेने द्यायचे. पण तो 'वन्स मोअर' त्या रात्रीपुरता होता. फॅन्स आता जो मागतात तो अख्ख्या कारकिर्दीला लागू असतो.

पुण्याने ओपेथ कधी ऐकला?

भारतात ओपेथचे श्रोते बरेच जुने आहेत. २००९ मध्ये हा बँड आयआयटी मद्रासच्या 'सारंग' फेस्टिव्हलमध्ये वाजून गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पॉर्क्युपाइन ट्री आयआयटी मुंबईच्या 'मूड इंडिगो'त आला होता. म्हणजे इंजिनिअरिंगची पोरं आणि हार्ड डिस्कवरून हार्ड डिस्कवर फिरणारी गाणी, हा या संगीताचा आपल्याकडचा रस्ता. मुंबईत डेमॉनिक रिझरेक्शनसारखा बँड २००० पासून ग्राउल करतोय, त्यामुळे हा आवाज इथे अनोळखीही नाही.

महाराष्ट्रात ओपेथ आला २०१९ मध्ये, पुण्याच्या एनएच७ वीकेंडर फेस्टिव्हलमध्ये. 'इन काउडा वेनेनम' येऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. म्हणजे पुणेकरांनी पाहिला तो दुसऱ्या गटाचा, 'ग्राउल नसलेल्या काळातला' ओपेथ. गंमत अशी की त्या काळातल्या शोंमध्ये नव्या गाण्यांसोबत 'डिलिव्हरन्स'सारखी जुनी गाणी ग्राउलसकट व्हायचीच. एकाच स्टेजवर, एकाच तासात, एकाच माणसाच्या घशातून दोन्ही आवाज यायचे आणि खाली उभी असलेली गर्दी दोन्हींवर डोकं हलवायची. तिथे कुणी गट पाडत नव्हतं. गट पडतात ते घरी आल्यावर, फोन हातात घेतल्यावर.

मृत्युपत्राचं शेवटी काय झालं?

ही कथा वारसदार कोण या प्रश्नाची आहे, हे ऐकताना आपोआप फॅन्सचं भांडण आठवतं. ओकरफेल्टने तसं ठरवून केलं असेल असं नाही, पण जुळतं खरं. जुळ्यांना वाटतं घर आपलं, कारण आपण आधीपासून इथे आहोत. कलमं वाचली जातात तसं कळतं की ते बापाच्या रक्ताचे नाहीतच. खरी वारस ती मुलगी, जिला आश्रित समजत होते. सातव्या कलमापर्यंत सगळं तिच्या नावावर होतं. रक्ताच्या नात्यावर मोठा विश्वास असलेल्या बापाने शेवटी हिशेब चुकता केलेला असतो.

आठवं गाणं मृत्युपत्राबाहेरचं आहे, म्हणून त्याला क्रमांक नाही, नाव आहे : 'अ स्टोरी नेव्हर टोल्ड'. काही वर्षं गेली आहेत, मुलगी त्या हवेलीत राहतेय आणि तिला एक पत्र येतं. त्यातून कळतं की तीही त्या बापाची मुलगी नव्हती. ज्या नात्याच्या जोरावर एवढी उलथापालथ झाली, ते नातंच नव्हतं. बापाला मरेपर्यंत हे माहीत नव्हतं.

आणि ज्या अल्बमची सगळी चर्चा ग्राउलवर झाली, त्याच्या या शेवटच्या गाण्यात ग्राउल नाही. ओकरफेल्ट ते पूर्ण स्वच्छ आवाजात, हळू गातो. मग फ्रेड्रिक ओकेसनचा गिटार सोलो सुरू होतो आणि अल्बम संपेपर्यंत कुणीही गात नाही.